औषध राखून ठेवायचं असेल तर

विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्याला अँटिबायोटिकचा प्रश्न, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होतात तो, समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. गुलाबी बोंडअळीचं नाव काढलं की पुरतं. २००२ साली बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ला दोन जनुकांचं बियाणं आलं, आणि पुढची काही वर्षं आमच्या घरात बोंडअळीच्या फवारणीचा विषयच निघाला नाही. बियाण्याच्या पाकिटासोबत एक लहान पुडी यायची, १२० ग्रॅमची, बिगर-बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेनं लावायची. तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग आणि बीटी पचवलेले पतंग यांचा संकर होत राहील, आणि बीटीला न जुमानणारी पिढी लवकर माजणार नाही, असा त्यामागचा विचार. पण ज्या ओळी किडणार हे आधीच माहीत आहे, त्यांना खत-पाणी कोण घालणार? बहुतेक पुड्या धुऱ्यावर पडून राहिल्या. त्यात ज्यांच्याकडे ओलिताची सोय होती त्यांनी डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटायची सोडून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर आणखी कापूस, घेतली, आणि अळीला खायला मिळत राहिलं. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात बोंड वरून हिरवंगार, टणक दिसायचं. नखानं फोडलं की आत गुलाबी अळी, पोखरलेली सरकी आणि पिवळा पडलेला कवडी कापूस.

आमच्या सासूबाई तेव्हा एक वाक्य बोलल्या होत्या: "औषध तेच हाय, अळी ते राह्यली नाई."

रोगजंतूंचंही असंच होतं. औषध पडलं की नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात, आणि उरलेल्यांची प्रजा वाढते. फरक दोनच आहेत आणि दोन्ही आपल्या विरुद्ध जातात. अळीची एक पिढी व्हायला महिना लागतो, जंतूला सोयीचं वातावरण मिळालं तर वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. दुसरं, अळी आपला चिवटपणा फक्त पोटच्या पिलांना देते. जंतू तो शेजारच्या, पार वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. औषध पचवायची जनुकं ते एकमेकांच्या हाती सोपवतात. आपल्या आतड्यात राहणारा निरुपद्रवी जंतू आज ही विद्या शिकला, तर उद्या ती न्यूमोनियाच्या जंतूकडे पोहोचू शकते.

हे काही नवं कळलेलं नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५च्या डिसेंबरात नोबेलच्या व्याख्यानातच सांगून ठेवलं होतं की हे औषध दुकानात सहज मिळू लागेल, लोक कमी मात्रेत घेतील आणि जंतूंना ते सोसायची सवय लावतील. २०१९ या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज 'द लॅन्सेट'मध्ये २०२२ साली छापून आला. कोविड यायच्या आधीच्या वर्षाचा हा आकडा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दवाखान्याला जायचं तर तालुक्याला. या प्रश्नाकडे मी शाळेच्या ओट्यावरून आणि घराच्या चुलीवरून पाहते, आणि मला वाटतं की तिथून जे दिसतं ते मोठ्या इस्पितळातून पाहणाऱ्यांना दिसत नसावं.

तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात उभं राहिलं की सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'ताकत'. "डाक्टरसाहेब, आंगात ताकतच नाई, बाटली लावून द्या न जी." बाटली म्हणजे सलाईन. खाटेवर पडायचं, हाताला सुई, वर टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब उतरताना बघायचं, आणि दुपारून घरी. ज्या बाटलीला लोक ताकतीची बाटली म्हणतात, त्या अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. पाच-सहा चमचे. उलटी-जुलाबानं ज्याच्या पोटात काही टिकत नाही त्याचा जीव ती वाचवते, यात शंकाच नाही. पण कापूस वेचून वेचून दमलेल्या, रक्त कमी असलेल्या बाईला त्यातून काय मिळणार? त्या बाटलीत कधी एखादं अँटिबायोटिकचं इंजेक्शनही सोडलं जातं. कोणतं, कशासाठी, हे तिला कोणी सांगत नाही आणि ती विचारत नाही.

तिला अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वेचणीच्या दिवसांत तिची मजुरी किलोवर असते. एक दिवस पडून राहिली तर एक दिवसाचा पैसा गेला. सर्दी-पडशाला, व्हायरल तापाला खरं औषध म्हणजे आराम, भरपूर पाणी आणि चार-पाच दिवस. तेवढे दिवस तिच्याकडे नाहीत. म्हणून ती "हाय पावरचं द्या" म्हणते, आणि देणारा देतो. शहरात नोकरदाराला आजारपणाची रजा असते. आमच्याकडे तिच्या जागी कॅप्सूल असते, इतकं ते उघड आहे.

मेडिकलच्या काउंटरवर एक कात्री असते. दहा गोळ्यांच्या पत्त्यातून दोन-तीन गोळ्या कापून देण्यासाठी. "एक टाइमाचा डोस द्या भाऊ, लेकराले कसकस हाय." कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं अर्धं नाव येतं, कधी नुसती किंमत. अँटिबायोटिकच्या पत्त्यावर मागच्या बाजूला उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. कात्री चालली की बऱ्याचदा ती रेघ दुकानातल्या तुकड्यावरच राहते. २०१४च्या मार्चपासून एच-वन नावाची अनुसूची लागू झाली; तिच्यातली अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधं विकताना चिठ्ठी पाहायची, रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. नियम चांगला आहे. पण ज्या गावात डॉक्टर पंधरा किलोमीटरवर आणि मेडिकल दोन पावलांवर, तिथं नियमापेक्षा रस्ता मोठा ठरतो.

इथं एक सांगायलाच हवं. ताप म्हणजे अँटिबायोटिक नकोच, असा अर्थ कोणी काढू नये. २०१८च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस आला होता. गवतातल्या बारीक कीटकाच्या पिलाच्या चाव्यातून येणारा ताप. चावलेल्या जागी कधी कधी काळी खपली दिसते. त्यावर डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त गोळी चालते, आणि वेळेत दिली तर माणूस वाचतो. उशीर केला तर फुप्फुसं, किडनी, सगळंच धरतं. असं औषध आपल्याला कामाचं राहावं, म्हणून तर ही सगळी तळमळ.

आणि औषध कामाचं असलं की काय होतं, हे आमच्याच विदर्भानं जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. लेकराचे श्वास मोजायला त्यांच्या हातात मण्यांचं एक साधन दिलं. वाळूची एक मिनिटाची घडी उलटी करायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ज्या बाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिलाही न्यूमोनिया ओळखता यायला लागला. पुढं नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर याच बाया घरी जाऊन अँटिबायोटिक देऊ लागल्या, इंजेक्शनसुद्धा. १९९९ साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. अशा संसर्गात आधी शंभरातली सोळा-सतरा बाळं दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण तीनच्याही खाली आलं. २०११पासून घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं, त्याचं मूळ या गावांत आहे.

आमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तोलतात, ताप बघतात, तेव्हा मला हे आठवतं. आणि मग दिल्लीच्या तीन मोठ्या इस्पितळांतल्या नवजात बाळांचा अभ्यास आठवतो, २०१६चा. बाळांच्या रक्तात सापडलेल्या असिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के आणि क्लेब्सिएलापैकी ५४ टक्के जंतू तीन किंवा त्याहून अधिक प्रकारच्या अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. गडचिरोलीतल्या झोपडीत साध्या दोन औषधांनी वाचलेली बाळं, आणि राजधानीतल्या अतिदक्षता विभागात औषधं हरलेली बाळं. दोन जागा, दोन काळ आणि जंतूही वेगळे, हे मान्य. तरी मला या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. सर्दीसाठी गिळलेली प्रत्येक कॅप्सूल या बाळांच्या वाट्याच्या औषधातून जाते.

शेतातही तेच चालत आलंय, आणि ते फारसं बोललं जात नाही. कपाशीवर करपा आला, संत्र्यावर खैऱ्या आला की कृषी केंद्रातून सहा ग्रॅमची एक पुडी येत आली आहे, कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत पंपात टाकायला. स्ट्रेप्टोसायक्लिन. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन असतं. क्षयरोगावर माणसाला सापडलेलं पहिलं प्रभावी औषध ते हेच. फवारणी करणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. त्याच्या दृष्टीनं ते बुरशीच्या औषधासारखंच एक औषध. कोंबड्यांचंही तसंच. कोलिस्टिन म्हणजे इस्पितळात बाकी सगळं थकल्यावर काढायचं औषध. ते कोंबड्या लवकर वजनदार व्हाव्यात म्हणून खाद्यात मिसळलं जायचं. २०१९च्या जुलैत केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. ते चांगलं झालं.

आता शरीराकडे येते, कारण मला खरं तर त्याबद्दलच लिहायचं होतं.

अँटिबायोटिक सगळे जंतू मारून टाकतं, असा आपला समज असतो. बहुतेक वेळा ते जंतूंची संख्या खाली आणतं, त्यांची वाढ अडवतं. राहिलेलं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. म्हणूनच ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, उदाहरणार्थ कॅन्सरची केमो चालू असलेले रुग्ण, त्यांच्यात उत्तम औषधालाही झगडावं लागतं. औषध आणि शरीर मिळून आजार हटवतात. औषधाचा वाटा दिवसेंदिवस घटत असेल तर शरीराचा वाटा वाढायला हवा, हे साधं गणित आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की जो आजार झालाच नाही, त्याला औषध लागत नाही.

कोविडनंतर 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' लिहिलेल्या बाटल्या बसस्टँडवरच्या दुकानापर्यंत आल्या आहेत. काढा, चूर्ण, रस. आमच्या गावात गुळवेल कडुलिंबावर चढलेला असतो, लोक कोविडच्या काळात रोज उकळून प्यायचे. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही. वाद बाजूला ठेवू. मला इतकंच म्हणायचं आहे की प्रतिकारशक्ती नुसती वर चढवत न्यायची गोष्टच नाही. ती भलतीकडे वळली तर दमा होतो, संधिवात होतो, शरीर स्वतःलाच खातं. तिला लागतं ते पोषण, झोप आणि ओळख: कोणत्या जंतूशी कसं लढायचं याची आधीच झालेली ओळख. पहिलं ताटातून येतं, दुसरं आमच्याकडे दुर्मीळ, आणि तिसरं लसीतून मिळतं.

ताटाचं बोलायचं तर मला वाईट वाटतं. सासूबाई सांगतात ते ताट असं होतं: ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, नंतर अंबाडी, जवसाची चटणी, हिवाळ्यात बोरं आणि आवळे. गरिबी होती, उपासमारही होती, त्या दिवसांना मी सोन्याचं म्हणणार नाही. पण आजचं ताट बघा. तूर आम्हीच पिकवतो, कपाशीत दर काही ओळींनंतर तुरीची ओळ असतेच, आणि घरात मात्र वरण इतकं पातळ की ताटात ओतलं तर भाकरीखालून वाहत जातं. तूर विकून किराण्याची उधारी फेडायची असते. ज्वारीचा पेरा घटत गेला, त्या जागी सोयाबीन आलं, जे आम्ही खात नाही. लेकरांच्या हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट.

माणूस दीर्घकाळ अर्धपोटी राहिला, त्यात लहान लेकरू असलं, तर छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते. लढणाऱ्या टी पेशी तिथं तयार होतात. म्हणजे कुपोषित लेकराची प्रतिकारशक्ती 'कमी' असते म्हणताना एक खरीखुरी ग्रंथी लहान झालेली असते. मेळघाटातल्या लेकरांच्या बातम्या वाचताना हे डोळ्यासमोर ठेवावं. कुपोषणानं मेलं की न्यूमोनियानं मेलं, यावर दरवर्षी वाद होतो. त्या लेकराच्या शरीरात ही दोन कारणं वेगळी नसतात.

अन्न हे औषधाइतकं मोजून मापून सिद्ध करता येतं का, असं विचारणाऱ्यांना मी झारखंडचं उदाहरण देते. तिथं क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. ज्यांच्या घरी असा शिधा फक्त रुग्णाला मिळाला, त्यांच्याशी तुलना केली तेव्हा शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं, आणि थुंकीतून पसरणाऱ्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचा हा अभ्यास २०२३ला 'द लॅन्सेट' परिवारात आला. डाळ-तांदळानं क्षय अडवला! जो क्षय झाला नाही, त्याला सहा महिन्यांची औषधं लागली नाहीत, आणि औषधाला न जुमानणारा क्षयाचा जंतू त्या घरात तयार व्हायची वेळच आली नाही. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. ते वेळेवर हातात पडावेत आणि त्यातून खरंच डाळ, अंडी घरी यावीत, इतकं तरी गावानं बघावं.

अंड्याचा विषय निघालाच आहे तर. २०२३च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय राज्यात झाला. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळी. अंड्याच्या दिवशी माझ्या वर्गात हजेरी भरायची. पोरं अंडं सोलताना बोलत नाहीत. कवच निघेपर्यंत सगळं लक्ष तिथंच. एक मुलगी अर्धं खायची आणि अर्धं पाटीच्या पिशवीत, वहीच्या पानात गुंडाळून ठेवायची, घरी धाकट्या भावासाठी. २०२५च्या जानेवारीत अंड्याचा सरकारी निधी थांबला आणि लोकवर्गणीतून द्या असं सांगण्यात आलं. मला हे मनापासून लागलं. रोगप्रतिकारशक्तीवर कितीही परिसंवाद घ्या, कुपोषित भागातल्या लेकराच्या तोंडचं आठवड्याचं एक अंडं काढून घेणं कोणत्याही हिशोबात बसत नाही.

बाळाच्या बाबतीत तर सुरुवात पहिल्या तासापासून. पूर्वी चिकाचं दूध पिळून टाकायचे, बाळाला मधाचं बोट द्यायचे. सासूबाईंच्या वेळी तसंच झालं. "जुन्या बाया म्हणत, ते दूध खराब असते, बाळाले बाधते," त्या सांगतात. आता त्याच शेजारच्या नव्या बाळंतिणीला बजावतात, "पिवळं दूध पयले पाज वं पोरी, तेच लेकराची ताकत होय." त्या पिवळ्या दुधात आईनं आयुष्यभर सोसलेल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं असतात, बाळाच्या घशाला आणि आतड्याला आतून राखणारी. फुकट मिळणारं, आणि अँटिबायोटिकसारखे जंतू ज्याला सरावत नाहीत असं.

लसीबद्दल गावात आता फार विरोध राहिलेला नाही, कंटाळा आहे. दीड महिन्याचा डोस होतो, नऊ महिन्यांचा राहून जातो, कारण तोवर आई वेचणीला जायला लागलेली असते. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची न्यूमोकोकल लस २०२१पासून देशभर फुकट मिळते. जुलाबावरची रोटाव्हायरसची लसही मिळते. गोवराची तर गोष्टच वेगळी. गोवर निघाला की आमच्याकडे कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवतात आणि आठ दिवसांत जाईल म्हणतात. जातोही. पण जाताना तो शरीराची आधीची ओळख पुसून जातो. लस न घेतलेल्या नेदरलँड्समधल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा त्यांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली. २०१९ साली हे छापून आलं. गोवरानंतर वर्ष-दोन वर्षं लेकरू सारखं आजारी का पडतं आणि सारखी अँटिबायोटिक्स का लागतात, याचं उत्तर तिथं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी सिकलसेलची आहे. विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, गोंड, माडिया, कोलाम वस्त्यांत आणि इतर समाजांतही. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते. रक्तातले न्यूमोकोकससारखे जंतू गाळून काढायचं काम या प्लीहेचं. ती गेली की साधा वाटणारा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. म्हणून अशा बाळांना दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन द्यावं असं शास्त्र सांगतं, आजार नसतानासुद्धा. या मुलीची आई मला सांगत होती, लहानपणी गोळी चुरून मधात, गुळात, मिळेल त्यात देत होते. थंडीत तिला स्वेटर, पाण्याची बाटली भरलेली आहे का हे दर तासाला बघायचं, आणि अंग गरम लागलं की वाट न बघता दवाखाना. तिच्यासाठी पेनिसिलिन म्हणजे शरीरातल्या एका गमावलेल्या अवयवाची जागा आहे. ते औषध गावाच्या सर्दी-पडशात उधळून निकामी केलं तर तिच्याकडे दुसरं काय राहतं?

मला 'ताकत' या मागणीचं उत्तर शोधायचं असेल तर मी ग्रामपंचायतीच्या विहिरीकडे जाते. आमच्याकडे पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाकायचं काम जलसुरक्षकाचं. बादलीत पावडर कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडायचं. नंतर गावाच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोहोचलं. रंग नाही आला तर पोहोचलं नाही. मी मुलांना हे दाखवायला नेलं होतं. तेव्हा वरच्या आळीत पिवळं झालं आणि शेवटच्या वस्तीवर नाही. मुलांनीच ते ओळखलं, कारण जुलाबानं गैरहजर राहणारी पोरं त्याच वस्तीतली. पाइपाचा एक जोड नालीतून गेलेला होता. तो दुरुस्त व्हायला वेळ लागला, पण झाला.

शाळेत हात धुवायच्या नळाला आम्ही साबण नायलॉनच्या जाळीत बांधून टांगतो, नाहीतर तो नालीत जातो किंवा कावळा नेतो. खिचडीआधी रांग लागते. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावी जे सांगितलं, त्याला आता जंतूशास्त्राचा पूर्ण आधार आहे. साबणानं हात धुण्यानं जुलाबाचे सुमारे तीस टक्के प्रसंग टळतात असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. आणि जुलाब झालाच तर बहुतेक लेकरांना ओआरएस आणि झिंकची गोळी पुरते. रक्त पडत असेल, लेकरू सुस्त पडलं असेल, तर मात्र ताबडतोब डॉक्टर. जुलाब बंद करायला दिलेलं अँटिबायोटिक आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं, आणि ते जंतू म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीचाच भाग.

उरलेल्या गोळ्यांचं काय, हे मला पालक नेहमी विचारतात. डॉक्टरनं जितक्या दिवसांच्या दिल्या तितके दिवस घ्यायच्या. किती दिवस पुरे, यावर डॉक्टरांचंही मत अलीकडे बदलत आहे, पुष्कळ आजारांत कमी दिवसही पुरतात. पण तो निर्णय त्यांचा. क्षयात तर एक दिवसही खाडा नको. आणि घरात उरलेली अर्धी पट्टी, शेजारणीच्या लेकराला त्याच लक्षणासाठी, हे तर अजिबात नको.

येत्या १ मेच्या ग्रामसभेसाठी दोन विषय लिहून दिले आहेत. ओटी टेस्टचा निकाल वस्तीनिहाय ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लिहावा, हा पहिला. दुसरा अंड्याचा: बचत गटातल्या चार बायांकडे गावरान कोंबड्या आहेत, त्या शाळेला बाजारभावापेक्षा कमी दरानं अंडी द्यायला तयार आहेत, पैसे ग्रामपंचायतीच्या निधीतून आणि लोकवर्गणीतून मिळून द्यायचे. सरपंचताई पहिल्याला लगेच हो म्हणाल्या. दुसऱ्याला म्हणाल्या, "वर्गणीचं म्या बोलतो, तुमी फक्त आयाबायायले घेऊन या." त्या दिवशी वेचणी नसते, खरिपाच्या पेरणीलाही वेळ असतो. आयाबाया येतील.